नऊ केबीचा माणूस

सोमवार, ११ नोव्हेंबर २००२

आज मालकांच्या केबिनमध्ये मला एका मंत्र्याचं कपाळ दाखवण्यात आलं. फक्त कपाळ. बाकीचे मंत्री अजून यायचे होते.

"बघा," विजयसिंह म्हणाले. हे आमच्या 'दैनिक पंचधार'चे मालक, संपादकही तेच. "चहा सांगितला, आला, पिऊन झाला. अजून भुवया न्हाईत!"

मी हबकलो. आमच्या वेबसाईटला तीन महिने झाले, पण ती बाहेरच्या माणसाला कशी दिसते हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. टेलिफोनच्या तारेतून फोटो असा ठिबकत येतो, नळाला पाणी यावं तसा. दुबईहून एका वाचकाने लिहिलंय की तुमचा एक फोटो उघडेपर्यंत माझी कामाची पाळी संपते.

तर यावरचा उपाय मी आहे. पुण्याला दोन दिवस शिकायला मलाच धाडलं होतं, कारण बाकी सगळ्यांना कामं असतात. मला कार्यालयात 'शास्त्री' म्हणतात. ते माझं आडनाव नव्हे. वाईच्या पाठशाळेत सात वर्षं काढून कोल्हापुरात बातमीदारी करायला येणाऱ्या माणसाला दिलेली ती शिक्षा आहे.

शिकलो ते असं. संगणकातला फोटो म्हणजे बारीक रंगीत चौकटींचा ढीग. शेजारशेजारच्या चौकटींत उगाच बारीकसारीक फरक असतात, ते डोळ्याला कळतही नाहीत. यंत्राला सांगायचं, ते टाकून दे. फाईल हलकी होते, फोटो तसाच दिसतो. वजन केबीत मोजायचं. किती टाकायचं ते ठरवायला एक पट्टी असते, ती सरकवायची.

म्हणजे उपसंपादकाचंच काम की हे. 'सदर प्रसंगी उपस्थित असलेल्या मान्यवरांपैकी' एवढं कापलं म्हणून कुठल्या बातमीचा जीव गेलाय? वीस वर्षं मी तेच करत आलो. पहिला हात फिरवायचा, मग दुसरा, मग तिसरा. दर हाताला मजकूर सुधारतो.

मंत्र्यांना ३५० केबीवरून ६० वर आणलं. कपाळापासून बुटापर्यंत वीस-पंचवीस सेकंदांत आले. मालक खूश. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "मग आता घरातल्या माळ्याचंही बघा."

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हार्ड डिस्क भरली. नवी मार्चनंतर, असं मालक म्हणाले. म्हणून मी नियम केला: एका फोटोची एकच फाईल. दिवसभर बसून जादा प्रती पुसल्या. पुनरुक्ती हा काव्यशास्त्रात दोष मानलाय, इथे तर तिला जागाही लागते.

कृष्णात, आमचा छायाचित्रकार, मागे उभा राहून बघत होता. "शास्त्री, एकादी असू द्या की जादाची. आता निगेटिव्ह ऱ्हायल्या न्हाईत."

त्याला दिवाळीत डिजिटल कॅमेरा मिळालाय. मेमरी कार्ड एकच. संध्याकाळी फोटो माझ्या यंत्रावर उतरवायचे आणि कार्ड कोरं करून दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं.

"कृष्णात, एकच गोष्ट दोनदा सांगणारं माणूस तुला आवडतं का?"

"माझी बायकू सांगती की."

"आवडते का, ते विचारलं."

"ती आवडती वो. सांगितल्यालं आवडत न्हाय."

आजच्या पान तीनवर त्याचाच एक फोटो आलाय. जुन्या पैलवानांचा सत्कार झाला, त्यातले कळंब्याचे आकाराम वस्ताद. फेटा, हार, डाव्या भुवईवर आडवा वण. आणि कान! मोदक वळता वळता कुणीतरी हाक मारावी आणि मोदक तसाच राहून जावा, असे ते दोन कान. मातीत किती वर्षं घासले असतील कोण जाणे. फोटो सुरेख आहे. ४१० केबी. वजनदार गडी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

तेच आकाराम वस्ताद शनिवारपासून बेपत्ता आहेत.

त्यांची बायको अंबूबाई आणि मुलगा संग्राम सकाळी कार्यालयात आले. संग्राम दूध संघाच्या टेम्पोवर आहे. गेलं वर्षभर वस्तादांचा विसरभोळेपणा वाढत चाललाय. मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात, नातवंडांना गल्लीतली पोरं समजतात. शनिवारी दाढी करायला म्हणून गेले ते गेलेच.

"मला वळखतोय," अंबूबाई म्हणाल्या. "सगळी गेली डोक्यातनं, म्या तेवढी ऱ्हायलेय."

संग्रामने डॉक्टरांचं सांगितलं. ही ओळख टिकलीय ती आई रोज डोळ्यांसमोर आहे म्हणून. बरेच दिवस नजरेआड झाली तर हीसुद्धा पुसली जाईल, आणि गेलेली परत येईलच असं नाही.

"मला वळखतोय तवर आणा वो त्येला," त्या म्हणाल्या. हे त्या मला म्हणाल्या की कृष्णातला की भिंतीवरच्या घड्याळाला, कळलं नाही. त्या कुणाकडे बघत नव्हत्या.

मी विचारलं, घरात दुसरा फोटो आहे का?

"हाय की, तिशीतला. गदा घिऊन. मिशा हाईत, क्यास हाईत, दात हाईत. आता त्यातलं कायबी न्हाय."

म्हणजे उपयोगाचा फोटो कृष्णातचाच एक. मालकांनी उद्याच्या अंकासाठी छोटी चौकट लावायला सांगितली, पण कागदावर रोज जागा कुठून आणायची? वेबसाईटवर मात्र जितके दिवस हवी तितके दिवस. वस्तादांचे चेले पुण्या-मुंबईत आहेत, दोघे-तिघे आखातात. "आणि शास्त्रीबुवा, आपल्या वेबसाईटनं माणूस सापडला तर..." मालकांना पुढचं शीर्षक दिसायला लागलं होतं.

संग्रामने वर्णन लिहून आणलं होतं: रंग, उंची, वण, कान, धोतर. मी ते कापलं. फोटो समोर असताना तेच शब्दांत सांगायचं म्हणजे दोष. नाव, गाव, वय आणि आपला टेलिफोन नंबर ठेवला.

फोटो ४१० वरून ९० वर आणला. मूळ आणि हलकी प्रत शेजारी ठेवून ताडून बघा, असं पुण्याला बजावलं होतं. पण मग दोन प्रती ठेवायला आल्या. नजर आहे की माझी. त्याच फाईलवर जतन केलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

मुंबईहून वस्तादांच्या एका चेल्याचा फोन. फोटो उघडायला वेळ लागतो, म्हणे, सायबर कॅफेवाला दुसऱ्याला बसवतो. मी चकित झालो. नव्वद केबीही जड?

दुसरा हात फिरवला. पट्टी आणखी खाली. फेट्याचा शेंडा काढला, हार काढला. दोन्ही बाजूंनी आत आलो. आता निव्वळ चेहरा. ४० केबी.

कृष्णात आलाच. "अवं, कान कुठं गेलं?"

"ओळख चेहऱ्याने पटते. कान हा चेहऱ्याचा प्रदेश नव्हे, सरहद्द आहे."

"सरहद्दीवरच तर मारामाऱ्या हुत्यात," म्हणाला आणि चहाला गेला. मला त्याचं हे असं निघून जाणं आवडत नाही. उत्तर सुचेपर्यंत माणसाने थांबावं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

एक युक्ती सापडली, पुण्याच्या टिपणांत होती. फोटो किंचित पुसट केला की फाईल झपाट्याने हलकी होते. सुरकुत्यांवर यंत्राला फार कष्ट पडतात. सुरकुत्या मवाळ केल्या. तिसरा हात: २२ केबी!

संध्याकाळी छापून घरी नेला. सौ.ने चष्मा लावून बघितला.

"बरे दिसतात. पैलवान होते म्हणालात ना? मला वाटलं मास्तर आहेत कुठले."

"रूप खुललंय की नाही?"

"खुललंय. कुणाचं ते सांगता येत नाही."

सौ.ला स्तुती सरळ करता येत नाही. पंचवीस वर्षांत मी ती ओळखायला शिकलोय.

एक चांगली गोष्ट घडली. आज पहिल्यांदा फोन आले, दोन. एक सोलापूरहून: देवळाच्या पायरीवर अगदी असाच म्हातारा बसतो. संग्राम रात्रीच्या गाडीने निघतोय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सोलापूरचा म्हातारा निघाला एक निवृत्त पोस्टमन. रोज जेवून पायरीवर वारा खायला बसतो. संग्रामने हात धरल्यावर त्याने आरडाओरडा केला. पोराला लोकांनी घेरलं, दोन लगावल्याही.

"आजिबात तसा दिसत न्हवता वो," संग्राम म्हणाला. "पण फोटोतल्यासारका दिसत हुता." दमल्यामुळे काहीतरी बोलत होता बिचारा.

आज मात्र फोन अकरा. मालक चालत माझ्या टेबलाशी आले, हे मी या कार्यालयात आल्यापासून दुसऱ्यांदा पाहिलं. म्हणाले, पान आणखी हलकं करा, अजून येतील. चौथा हात, पाचवा हात. १४ केबी. हलकं केलं की लोक येतात, हे आता सिद्धच झालं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

फोन एकोणीस. थक्क. अंबूबाईंचाही एक, शेजारच्या घरून. "काय कळलं का वो?" म्हटलं, प्रतिसाद उत्तम आहे.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

नऊ केबी!

सूत्र लिहून झाल्यावर त्यातलं एक अक्षरही जादा नाही हे बघून जुन्या सूत्रकारांना कसं वाटत असेल, ते मला आज कळलं. नुसतं बटण दाबलं की वस्ताद हजर. वाट बघणं नाही. कपाळ आधी, भुवया नंतर, असलं काही नाही. सातवा हात की आठवा, तेही आता आठवत नाही.

फोन दिवसभर. बार्शी, गदग, निपाणी, ठाणे. प्रत्येकाने त्यांना काल बघितलंय. निपाणीत बिड्या वळताना, ठाण्यात लग्नाच्या पंगतीत. एक माणूस तर चिडूनच बोलला. "तुम्ही आमच्या मावशीच्या यजमानांना बेपत्ता काय म्हणून केलंत? ते इथे माझ्यासमोर भजी खातायत." मी म्हटलं, नाव नीट वाचा. "नावाचं काय करायचं? फोटो त्यांचाच आहे!" पाठोपाठ त्या यजमानांनी स्वतः फोन घेतला आणि आपण सुखरूप असल्याचं कळवलं. मी आभार मानले. जगात एकाच तोंडवळ्याची किती माणसं असावीत, याचा मला खरोखर अचंबा वाटतो. कधीतरी लेख लिहायला हवा.

संग्राम हुबळीला गेलाय. त्याची रजा संपली, आता बिनपगारी.

रविवार, १ डिसेंबर

दुपारी अंबूबाई एकट्याच आल्या. कळंब्याहून भर उन्हात. कार्यालयात मी आणि कृष्णात दोघेच.

"पोरगं वणवण करालंय," म्हणाल्या. "म्हटलं बघून तर येऊ, काय दावलाईसा लोकास्नी. आन् खरं सांगू का, मलाच बघायचाय त्यो. लई दिस झालं."

मी खुर्ची दिली. त्यांनी पदर सारखा केला. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारख्या ताठ बसल्या. मी बटण दाबलं, आणि तो चेहरा लगेच आला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो, कौतुकाच्या अपेक्षेने. खोटं कशाला लिहू?

"उघडंना व्हय?" त्यांनी विचारलं.

"उघडलाय की. समोरच आहे."

त्या पुढे वाकल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ह्यो कोण?"

"वस्ताद," मी म्हटलं.

"न्हाय वो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चुकलेल्या पोराला समजावतात तसा आवाज. "ह्यो दुसराच कोणतर हाय. चुकून त्येचा लागलाय बघा. आमचं काढा की."

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच आला.

"आमचं काढा की," त्या म्हणाल्या.

त्या बाईंच्या शेजारून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून, मी तो फोटो बघितला. गेले दोन आठवडे मी फोटोखालचा आकडा बघत होतो. फोटो आज बघितला. तोंडात मारल्यासारखं झालं. गाल धुतलेल्या ताटलीसारखे. डोळ्यांच्या जागी काजळाच्या बोटांचे दोन ठसे. भुवईवरचा वण नाही. तोंडाभोवती चौकटी चौकटी, फरशी बसवल्यासारख्या. कान तर मीच हद्दपार केले होते. तो कुणीही होता. बार्शीचा, गदगचा, भजी खाणारा. म्हणूनच तर...

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. कृष्णातने अंबूबाईंना पाणी दिलं आणि रिक्षात बसवून दिलं. परत आल्यावर तो कॅमेरा पुसत बसला. त्याने चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, २ डिसेंबर

सकाळी पुण्याला फोन, शिकवणाऱ्या गृहस्थांना.

"काही हरकत नाही, मूळ फाईल उघडा आणि पुन्हा करा," ते म्हणाले.

"हीच मूळ."

"नाही, ज्याच्यावरून केलीत ती."

"हिच्यावरूनच केली. हिच्यावरच करत गेलो. सात-आठ वेळा."

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

"अहो सर, दर वेळी जतन करताना ते यंत्र नव्याने काहीतरी फेकून देतं. उरलेल्यातून पुन्हा. मग त्या उरलेल्यातून पुन्हा. फेकलेलं परत येत नाही. म्हणून तर मूळ बाजूला ठेवून दर वेळी तिच्यावरूनच..." मग एकदम सौम्य झाले. "महत्त्वाचा होता का फोटो?"

मी फोन ठेवला.

मजकुरावर हात फिरवून मजकूर मेलेला मी कधी पाहिला नाही. वाक्य कापलं तरी उरलेलं वाक्य वाक्यच असतं. वीस वर्षांची सवय, तिच्यावर माझा इतका विश्वास की माणसाच्या तोंडावरून आठ वेळा कात्री फिरवली आणि रोज इथे आकडे लिहिले. मागची पानं चाळली. मला हसू कुठे कुठे आलं होतं ते सगळं इथे लिहिलेलं आहे.

कार्डाचं विचारलं. "त्यावर नंतर किती सभा, किती अपघात घेतलं," कृष्णात म्हणाला. "कवाच गेलं त्ये."

दुपारी त्यालाच सुचलं. "शास्त्री, छापलाय की आपण त्यो! चौदा तारखेला. पान तीन."

धावलो. फायलीतला अंक काढला. कागद पिवळट, शाई थोडी पसरलेली, सगळा फोटो काळ्या ठिपक्यांचा. पण माणूस होता! फेटा, हार, वण, आणि ते दोन मोडके मोदक. मला छापखान्याच्या पाया पडावंसं वाटलं. स्कॅन केला तसाच, अख्खा. प्रती तीन केल्या, तीन ठिकाणी ठेवल्या. खाली संग्रामने दिलेलं वर्णन शब्दन् शब्द घातलं: दोन्ही कान मोडलेले, डाव्या भुवईवर आडवा वण. मी न कापलेला हा माझ्या हातचा पहिला मजकूर असावा. वेबसाईटच्या पहिल्या पानावर लावला.

मालक आले. "३८० केबी? उघडायला चार मिनिटं लागतील!"

"लागू देत."

"लोक निघून जातील वो."

"जाऊ देत. त्याला ओळखणारा जाणार नाही."

एवढ्या आवाजात मी मालकांशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. म्हणाले, "आन् पहिला कुठला लावला हुता मग?" तो दाखवला. ते केबिनमध्ये गेले आणि उद्याच्या अंकात पहिल्या पानावर दोन कॉलमची जागा सोडायला सांगितली.

मंगळवार, ३ डिसेंबर

दिवसभर एकही फोन नाही. बार्शी नाही, गदग नाही. एवढी शांतता ऐकवत नव्हती.

बुधवार, ४ डिसेंबर

सकाळी अकराला फोन वाजला. जयसिंगपूर. तिथे स्टेशनपासून जवळच निराधार वृद्धांसाठी एक आश्रम आहे. तो चालवणाऱ्या संघप्रियाताई बोलत होत्या.

"मोडलेले कान आणि भुवईवर वण, असे एक बाबा आमच्याकडे आहेत. नाव मात्र केरबा सांगतात."

केरबा हे वस्तादांच्या वस्तादांचं नाव. संग्रामने एकदा सांगितलं होतं.

जयसिंगपूर! तासाभराचा रस्ता. पोरगा सोलापूर, हुबळी पालथं घालून आला आणि बाप तासाभरावर. कृष्णातने ओळखीच्या माणसाची जीप आणली, कळंब्याला अंबूबाईंना घेतलं, संग्राम टेम्पोवर गेला होता. त्यांच्या मांडीवर डबा होता, धपाट्यांचा.

संघप्रियाताई दारातच भेटल्या. चाळिशीच्या, आधी नर्स होत्या. अंबूबाई हातपाय धुवायला गेल्या तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं. वस्ताद त्यांना स्टेशनच्या बाकावर सापडले, एकोणीस तारखेला.

"आम्ही तुमची वेबसाईट बघितली होती हो. सव्वीस तारखेलाच. बातमीतलं वय जुळत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांनाच कॅफेत घेऊन गेले. फोटोसमोर बसवलं. विचारलं, बाबा, हे तुम्ही का?"

"मग?"

"खूप वेळ बघत होते. म्हणाले, 'न्हाय पोरी. ह्यो मी न्हवं. ह्येला म्या कवा बघितलाबी न्हाय.' मला पण ते वाटत नव्हते. मग आम्ही परत आलो."

ज्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं, त्या माणसाने त्या दिवशी एवढी एक गोष्ट अगदी अचूक सांगितली होती.

"तेव्हा बरे होते तसे," ताई सांगत होत्या. "जेवायला बसले की विचारायचे, अंबूला वाढलं का? अंबू कोण, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही म्हणायचो, वाढलं. मगच घास घ्यायचे."

"आता?"

"आता नाही विचारत. इतक्यातच बंद झालं."

इतक्यातच म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

वस्ताद मागच्या अंगणात उन्हाला बसले होते. दाढी वाढलेली, आश्रमाचा पायजमा, बाकी तेच. अंबूबाई पुढे झाल्या. चार हातांवर थांबल्या. त्यांनी तोंडावरून पदर मागे सारला, नीट दिसावं म्हणून.

वस्ताद उठले. हात जोडले. पैलवानाचा तो रुंद नमस्कार.

"या पावणं. कुठनं आला म्हणायचं?"

कृष्णातने माझा दंड धरला. मला वाटलं बाई आता कोसळतात. त्यांनीही हात जोडले. मग म्हणाल्या, "कळंब्यासनं."

"कळंब्यात कुणाच्या?"

"आकाराम वस्तादाच्या."

"ऐकून हाय की," वस्ताद म्हणाले. "दांडगा गडी. बरा हाय न्हवं?"

"बरा हाय. तुमास्नी बलावलंय त्येनं. चला, जाऊन येऊ."

"चला की. बलावलंय तर जायाच पायजे." आणि निघाले. जीपमध्ये त्यांनी दोन धपाटी खाल्ली. हात चांगला आहे, म्हणाले.

गुरुवार, १२ डिसेंबर

मालकांना बातमी हवी होती: वेबसाईटमुळे वस्ताद सापडले. मी लिहिली नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली. हात फिरवायला माझ्याकडे आली, मी तशीच पुढे दिली.

संध्याकाळी कळंब्याला गेलो. सौ. म्हणाली, मी येते. नको म्हटलं, मग निघताना वाटलं, आली असती तर बरं झालं असतं. दारात संग्राम टेम्पो धूत होता. हुबळीहून आल्यापासून तो माझ्याशी नीट बोलतो, हेच मला सोसत नाही. "या सर," म्हणाला. "आई हाय आत."

वस्ताद खाटेवर बसले होते. दाढी झालेली, धोतर स्वच्छ. भिंतीवर गदा घेतलेला तिशीतला फोटो. डॉक्टर येऊन गेले होते. सांगता येत नाही, म्हणाले, बघू.

अंबूबाई चहा घेऊन आल्या. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. वाक्यंही जुळवली होती, आठ दिवस. एकही नीट निघेना. शेवटी म्हटलं, "अंबूबाई, माझ्यामुळे..."

"चा घ्या," त्या म्हणाल्या. "निवतोय."

चहा घेतला. त्या खाटेपासून जरा दूर, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. रोज काय होतं ते आपणहून सांगितलं. सकाळी उठले की ते विचारतात, कुठल्या तुमी? त्या सांगतात. मग ते म्हणतात, बरं केलंसा आला. दुपारी झोपून उठले की पुन्हा विचारतात.

"रागावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "लई मान देत्यात. जलमात येवडा दिला न्हवता."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

मी उठायला लागलो तसे वस्ताद म्हणाले, "बसा की पावणं, आत्ताच तर आला." मी बसलो. मग ते अंबूबाईंकडे वळले.

"बाई, तुमी का हुब्या? बसा. घर आपलंच समजा."

अंबूबाई आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या.